पाऱ्याचा मुलामा आणि पॅरिसची घड्याळे

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये घडलेली सोनेरी कांस्य घड्याळे एकट्या कारागिराची कधीच नव्हती. तबकडीवर बहुधा नाव असे ते आतले यंत्र करणाऱ्या घड्याळजीचे, लेपीनचे किंवा बर्तूचे. डोळ्यांत भरतो तो धातूचा साज मात्र इतरांचा. शिल्पकार नमुना करी, ओतारी तो धातूत उतरवी, नक्षीकार छिन्नीने केसांची बट न् बट उठवी आणि सर्वांत शेवटी मुलामेवाला सोने चढवी.

हर्क्युलेनियम (१७३८) आणि पाँपेई (१७४८) इथल्या उत्खननांनी युरोपची नजर प्राचीन रोमकडे वळवली होती. शंखशिंपल्यांची वळणे मागे पडून खांब, कलश, पुष्पमाला आणि देवता घड्याळांवर आल्या. १७७१चे ‘आव्हिन्यों घड्याळ’ हा त्याचा उत्तम नमुना. शिल्प ब्वाझोचे, कांस्यकाम पिएर गुतिएरचे, यंत्र दलुनेझीचे. रोन आणि द्युरांस या नद्या त्यावर मानवी रूपात पहुडल्या आहेत. आज ते लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये आहे. झळाळी न देता मऊ, निस्तेज सोने ठेवण्याच्या कसबाचे श्रेय गुतिएरला दिले जाते. एवढा मोठा कलावंत, पण राजाची प्रेयसी मादाम द्यू बारी हिच्याकडची त्याची थकबाकी पुरती वसूल झाली नाही आणि १८१३मध्ये तो दारिद्र्यात वारला. त्याआधीच, १७९१मध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीने कारागिरांचे संघ आणि त्यांची बंधने मोडली होती. मग थोमीरसारख्या कांस्यकाराला शेकडो माणसांचा कारखाना उभारता आला.

या झळाळीची खरी किंमत मोजली ती मुलामेवाल्यांनी. सोने पाऱ्यात विरघळवून तो लगदा धातूवर फासत आणि विस्तवावर धरीत. पारा वाफ होऊन उडे, सोने चिकटून राही. मग हवा तो भाग अकीकाने घोटून चकचकीत करीत. ती वाफ मात्र कारागिराच्या छातीत जाई. हात थरथरत, दात हलत, कित्येकांचे आयुष्य लवकर संपे. दिवाणखान्यातल्या त्या सोन्याकडे पाहताना हे विसरणे अन्यायाचे आहे.

कांस्यकार रावरियो हे विसरला नाही. १८१४मध्ये मरताना त्याने ३,००० फ्रँक मागे ठेवले, मुलामेवाल्यांना पाऱ्यापासून वाचवण्याचा उपाय शोधणाऱ्यासाठी. रसायनज्ञ दार्सेने वाफ वर ओढून नेणारी भट्टी सुचवली आणि १८१८मध्ये ते बक्षीस मिळवले. १८४०नंतर विजेने मुलामा देण्याची रीत पसरली, तसे पाऱ्याचे काम हळूहळू ओसरले.