क्रॉसफेड शून्यावर

गाण्याच्या अ‍ॅपमध्ये आवाजाचा दर्जा ठरवायची जागा असते. बहुतेकांनी ती कधी उघडलेलीच नसते. तिथे ‘ऑटोमॅटिक’ असतं, म्हणजे मालकंस किती ऐकू यायचा हे मोबाइलची रेंज ठरवते.

स्पॉटिफायवर हा दर्जा सेकंदाला 24 किलोबिटपासून 320 पर्यंत जातो. 2025 पासून त्याच्याही वर, लॉसलेसपर्यंत, म्हणजे काहीच न गाळता. ऑडिओ सीडीचा आकडा 1411. 320 पर्यंत जे गळतं ते विचारपूर्वक गाळलेलं असतं: मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज कानाला कळणार नाही, या हिशेबाने. 320 वर हा हिशेब बहुतेक वेळा बरोबर येतो. 24 वर साफ चुकतो. तानपुऱ्याची जवारी पाणचट होते, आणि जवारी गेली की सुराखालची जमीनच गेली.

पण आकडा चढवला म्हणून गाणं चढत नाही. लॉसलेस फाइल नेहमीच्या ब्लूटूथवरून हेडफोनकडे जाताना पुन्हा दाबली जाते. तिचं मोल वायर लावल्यावर कळतं.

1902 साली कलकत्त्यात गायिका गौहरजान ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यात तोंड घालून गायल्या, तबकडीत मावतील तेवढी तीनेक मिनिटं. त्या खरखरीला कुठलंही सेटिंग उजळ करू शकत नाही. तान मात्र आजही दाणेदार कळते. मुळात नव्हतं ते मागू नये. होतं ते सांडू नये.

सांडतं ते भलतीकडेच. कधीतरी पार्टीसाठी क्रॉसफेड चालू केलेलं असतं, ते तसंच राहतं. बारा सेकंदांपर्यंत एक गाणं दुसऱ्यात मिसळतं. सिनेमाच्या गाण्यांना चालेलही. ख्यालाला नाही. द्रुत संपतं, गायक षड्जावर येऊन थांबतो, तानपुरे तेवढे वाजत राहतात. मैफलीचं ध्वनिमुद्रण असेल तर दाद उठण्याआधीचा तो क्षण असतो. तासाभराचा राग तिथे येऊन ठेपलेला असतो. नेमक्या त्या सेकंदांत पुढच्या गाण्याचा ठेका घुसतो. किलोबिट कमी पडले तर सूर थोडा मळतो. इथे शेवटच नाहीसा होतो. माझ्या मते दर्जाची सगळ्यात मोठी हानी हीच, आणि तिला आकडा नाही.

आवाजाची पातळी ‘लाऊड’वर ठेवली की हळू ध्वनिमुद्रणं वर उचलली जातात आणि त्यांतली उंच टोकं दाबली जातात. लोकलमध्ये ते सोयीचं. घरी नको. विलंबिताची सुरुवात हळूच असते, तशीच राहू द्यावी.

तेव्हा एकदा सेटिंग उघडा. 320 वर तासाला साधारण 144 मेगाबाइट जातात, डेटा कमी असेल तर प्रवासात 160 पुरे. वाय-फायवर 320 ठेवा. डाउनलोडचा दर्जा वेगळ्या ओळीत असतो, तोही बघा. क्रॉसफेड शून्यावर आणा, आणि राग संपला की लगेच पुढचं लावू नका.