खचलेले मन आणि नैराश्य



रत्नागिरीत इशाची नमाज आटोपून माणसे घरी परततात, तेव्हा चीनमध्ये रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतात. कोकणातील मुस्लिम घरांना दूरदेशीच्या फोनची सवय जुनीच आहे. पूर्वी तो कुवेतहून किंवा दुबईहून येई आणि त्यात पगाराच्या, सुट्टीच्या गोष्टी असत. अलीकडे काही घरांत तो चीनमधील वैद्यकीय महाविद्यालयातूनही येऊ लागला आहे. पलीकडून मुलगा किंवा मुलगी म्हणते, "अब्बा, मला ही भाषा कधीच येणार नाही. मी परत येतो."

अशा वेळी आपण काय उत्तर देतो? बहुधा असे, की रडणे हा ईमानचा कमकुवतपणा आहे. मुसलमानाला निराश होण्याची परवानगी नाही. शिवाय ज्ञानासाठी चीनपर्यंत जा, असे सांगितलेलेच आहे. या उत्तराचा थोडा विचार करावा, एवढ्यासाठीच हा लेख.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करू. चीनचा उल्लेख असलेले ते वचन हदीस म्हणून आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. परंतु हदीसशास्त्राच्या जाणकारांनी ते प्रमाण मानलेले नाही. इब्नुल जौझी यांनी तर ते बनावट कथनांच्या संग्रहात घातले आहे. ज्ञानाच्या शोधात वाट चालणाऱ्यासाठी अल्लाह जन्नतची वाट सुलभ करतो, अशा आशयाची सहीह हदीस 'मुस्लिम'मध्ये असताना कच्च्या आधारावर मुलाला ढकलण्याचे कारण नाही. हजरत झैद बिन साबित (रजि.) यांनी प्रेषितांच्या (स.) आज्ञेवरून यहुद्यांची लिपी सुमारे पंधरा दिवसांत आत्मसात केली, हेही असेच ऐकवले जाते. ते खरे आहे; पण ते झैद (रजि.) होते! त्यांचे नाव घेऊन आपल्या मुलाला हिणवू नये.

मुलाची अडचणही समजून घेतली पाहिजे. चिनी भाषेत 'मा' हा एकच उच्चार चार वेगवेगळ्या सुरांत केला, तर अनुक्रमे आई, ताग, घोडा आणि रागावणे असे चार अर्थ होतात. व्याख्याने इंग्रजीत असली तरी खाटेवरचा रुग्ण चिनीतच कण्हतो. त्याचे दुखणे ऐकूनही समजत नाही, तेव्हा होणारे दुःख आळशी माणसाचे नसते.

आता मूळ प्रश्न. दुःखी होणे आणि निराश होणे ही एकच गोष्ट आहे काय? सूरह यूसुफ वाचा. हजरत याकूब (अ.) पुत्रवियोगाने इतके शोकाकुल झाले की त्यांचे डोळे पांढरे पडले (१२:८४). आणि तेच याकूब (अ.) थोड्याच आयतींनंतर मुलांना बजावतात, की जा, यूसुफचा शोध घ्या आणि अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका (१२:८७). ज्यांनी निराशेला मनाई केली, त्यांचीच दृष्टी शोकाने गेलेली होती. म्हणजे शोकाला मनाई नाही. मनाई आहे ती उद्याचा निकाल आजच लावून टाकण्याला. "मी आज थकलो आहे" हे माणसाच्या माहितीतले वाक्य आहे. "मला कधीच येणार नाही" हा मात्र गैबविषयीचा दावा आहे, आणि गैब केवळ अल्लाह जाणतो.

येथे एक खबरदारी घ्यावी लागते. ही आयत अल्लाहच्या कृपेविषयी आहे. परीक्षेत उत्तीर्ण होण्याची हमी तिने कोणालाही दिलेली नाही. म्हणून सल्लामसलत करून, इस्तिखारा करून एखाद्याने वाट बदलली, तर त्याला निराश म्हणणे अन्याय ठरेल. 2020 साली महामारीमुळे चीनच्या सीमा बंद झाल्या आणि हजारो भारतीय विद्यार्थी 2022 पर्यंत घरीच अडकून पडले. त्यांतील ज्यांनी दुसरा मार्ग धरला, ते हरले असे कोण म्हणेल?

या संदर्भात आपल्याच महाराष्ट्रातील एका माणसाची आठवण होते. तो आपल्या धर्माचा नव्हता. पण चांगले उदाहरण कोठूनही घ्यावे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या भारतीय पथकातून युद्धग्रस्त चीनला गेले. तेथे असतानाच वडिलांच्या निधनाची बातमी आली. शोक झालाच असणार. तरी ते राहिले. पुढे ते चिनी भाषेत शिकवू लागले, शस्त्रक्रियेवर चिनीतून पाठ्यपुस्तक लिहू लागले आणि 1941 मध्ये बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. चिनी लोक त्यांना 'के दिहुआ' म्हणत. ती भाषा घेऊन ते सोलापुरात जन्मले नव्हते. जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरत ती त्यांच्या अंगवळणी पडली.

अडखळण्याविषयी 'बुखारी' आणि 'मुस्लिम' या दोन्ही संग्रहांत एक हदीस आहे. जो कुरआन अडखळत, कष्टाने वाचतो त्याला दुहेरी मोबदला आहे. ही हदीस कुरआनपठनाविषयी आहे, चिनीच्या तासाविषयी नव्हे, हे मान्य. तरी ज्या मुलाने मकतबात जेर-जबर लावत अडखळत कायदा संपवला, त्याला अडखळण्याची लाज का वाटावी? योगायोग असा, की चीनमधील हुई मुसलमानांनी चिनी भाषाच अरबी अक्षरांत लिहिण्याची 'शियाओअरचिंग' नावाची पद्धत शतकांपूर्वी घडवली. एखादा हुई वृद्ध ती अक्षरे गिरवत असेल, तर रत्नागिरीचा मुलगा त्याच्याशेजारी अगदीच परका ठरत नाही. मशिदीत अस्सलामु अलैकुम म्हणायला तर कोणताच नवा सूर शिकावा लागत नाही.

तेव्हा पुढचा फोन येईल, त्या वेळी आधी त्याला रडू द्या. मग, आज कोणता शब्द शिकलास, एवढेच विचारा आणि तो शब्द त्याच्याकडून स्वतः म्हणून पाहा. तुमचा उच्चार चुकेल. तो हसेल, सुधारून देईल. तोवर तिकडे मध्यरात्र झालेली असेल. सकाळी आठच्या वर्गाला त्याला उठायचे आहे, तेव्हा फार लांबवू नका.