गोष्ट कुठून सुरू होते

शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकाचं पहिलं पान मनात उघडा. मजकूर वाचायचा नाही. गोष्ट कुठून सुरू होते, एवढंच पाहा.

आता १९०४ सालच्या कीव्हमध्ये या. एका मुलाच्या घरात युक्रेनियन बोलतात, शाळा रशियन आहे. पुस्तकातली गोष्ट त्याच्याच गावापासून सुरू होते. मग ती व्लादिमिरला जाते, तिथून मॉस्कोला, पुढे पीटर्सबर्गला. मुलगा कीव्हमध्येच राहतो, गोष्ट निघून जाते. इथे घाई नको. सनावळ्या सगळ्या बरोबर असतील, तरी नुसत्या क्रमानं मूल परकं होतं.

त्याच वर्षी ल्विव्हचे प्राध्यापक मिखाइलो ह्रुशेव्स्की यांनी एका लेखात हा क्रम मोडला. कीव्हचा वारसा आधी पश्चिमेला, हालिच-व्होलिनमध्ये गेला, मग लिथुआनिया-पोलंडच्या अमलात, असं त्यांनी मांडलं. धागा राजधानीचा नाही, लोकांचा धरायचा. पण हा नवा क्रम त्या मुलापर्यंत पोचणं सोपं नव्हतं: १८७६ च्या फर्मानानं रशियन साम्राज्यात युक्रेनियन छपाई जवळजवळ बंद होती. ही बंदी १९०५ नंतर सैल झाली. दहा खंडांचा इतिहास लिहिणाऱ्या ह्रुशेव्स्कींनी १९११ मध्ये सामान्य वाचकांसाठी सचित्र इतिहासही दिला. रशियन साम्राज्याच्या मुलखात युक्रेनियन शाळा मात्र १९१७ मध्येच उघडू लागल्या.

पण त्यांच्या धाग्यातही गाठ आहे. 'लोक' म्हणजे कोण? त्याच गावांत ज्यू होते, पोलिश होते, दक्षिणेला तातार. त्यांची गोष्ट इथे कडेलाच राहते, असं मला वाटतं.

हा प्रश्न घेऊन इतिहासकार ओलेक्सांद्रा येफिमेन्को यांच्याकडे वळा. जन्म १८४८ चा, अर्खांगेल्स्क प्रांतातला, रशियन घरात. तिथे शिक्षिका असताना हद्दपारीत आलेल्या एका युक्रेनियन अभ्यासकाशी त्यांनी लग्न केलं आणि त्याचा मुलूख आपल्या अभ्यासाचा केला. शेतजमिनीची वहिवाट, गावचे रूढ कायदे, चर्चभोवतीचे बंधुसंघ हे त्यांचे आवडते विषय. १९०६ मध्ये त्यांनी युक्रेनियन लोकांचा इतिहास लिहिला, तोही रशियनमध्ये. १९१० मध्ये खार्किव्ह विद्यापीठानं त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

वंशानं ही बाई त्या लोकांतली नव्हती. तरी तो इतिहास तिला आपला वाटला तो कशामुळे: लग्नामुळे, की वर्षानुवर्षं जमिनीचे कागद वाचल्यामुळे? उत्तर लगेच देऊ नका.