ठरावाचं शेवटचं वाक्य

कशेडी घाटाच्या कुशीतली एक वाडी. पावसाळ्यात पऱ्ये दुथडी वाहतात नि एप्रिल लागला की बायका हंडे घेऊन उताराखालच्या विहिरीवर बसतात. शिमग्याला आलेल्या चाकरमान्यांनी ठरवलं, यंदा ग्रामसभेत पाण्याचा ठराव मांडायचाच. मुंबई मंडळाच्या तरुण सेक्रेटरीने तो लिहूनही काढला: 'वाडीस नव्या योजनेतून पुरेसे पाणी मिळावे, ही नम्र विनंती.' कागद घेऊन तो निवृत्त गुरुजींकडे गेला.

गुरुजी म्हणाले, "शुद्धलेखन ठीक आहे. पण महाडचा ठराव ठाऊक आहे का रे?"

"चवदार तळं! २० मार्च १९२७."

"तो सत्याग्रह. मी ठरावाचं विचारतोय. रावबहादूर बोल्यांनी १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केलं, पण कागदावर. बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले, पाणी प्याले, तेव्हा कुठे त्या ठरावात जीव आला. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागेही घेतला. तळ्याच्या खटल्यात हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं."

"मग ठराव करायचाच कशाला?"

"हक्क सांगायला कागद लागतोच. फक्त तो पुरा लागतो. बोल्यांनीही १९२६ मध्ये दुसरा ठराव आणला: जी नगरपालिका अंमल करणार नाही, तिचं सरकारी अनुदान थांबवा. तुझ्या कागदात कोण करणार, कधी करणार, नाही केलं तर काय, यातलं काय आहे?"

पोरगा उठला तो बायकांना विचारायला थेट विहिरीवर गेला. तिथे वहिनीने हंडा उतरवत विचारलं, "भावोजी, नवी योजना कशाला मागताय? टाकी आहे, पाइप आहे. मोटारीचं बिल थकलंय म्हणून नळ कोरडे."

रात्री जुना कागद फाटला. नवा लिहिला: थकबाकीचा निम्मा वाटा मुंबई मंडळ देईल, निम्मा ग्रामपंचायत, पाणीपट्टी महिला बचत गट गोळा करेल, मोटार १ मेपर्यंत सुरू होईल, न झाल्यास पुढच्या ग्रामसभेत पहिला विषय हाच, आणि उत्तर ग्रामसेवकाने द्यायचं.

ग्रामसभेत नेहमीसारखं 'बघू, करू' झालं नाही. बघायचं कोणी आणि करायचं कधी, ते कागदावरच होतं.

तात्पर्य: मागणी कोणीही लिहितो. ज्यांच्या डोक्यावर हंडा आहे त्यांना आधी विचारा, आणि माणूस, तारीख व जाब लिहिल्याशिवाय ठरावाखाली सही करू नका.