पन्नाशीच्या आजाराचा जन्मदाखला

2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. एक लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा बीएमआय दोघांचाही अगदी सारखा होता, 22.3. मात्र अंगातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते, तेव्हा या फरकातला काही भाग व्यायामाचा असणारच. पण प्रश्न त्या दोघांपुरता नव्हता. वजनकाट्यावर सडपातळ ठरणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगात इतकी चरबी येते कुठून, आणि केव्हा?

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात दिलं जातं : जीवनशैली. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे सगळे 'जीवनशैलीचे आजार'. डॉक्टर म्हणतात, गोड कमी करा, रोज पाऊण तास चाला, ताण घेऊ नका. सल्ला चुकीचा नाही. मला खटकतो तो शब्द. शैली म्हणजे आपण निवडलेली रीत. निवड आपली म्हटल्यावर दोषही आपलाच. दुपारच्या उन्हात खुरपणी करणाऱ्या बाईला शुगर निघाली, तर तिने कोणती शैली निवडली होती? आयसीएमआरने देशभर केलेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह आहे. इतक्या माणसांच्या आजाराला एक शब्द द्यायचा तर तो फार विचार करून द्यायला हवा.

याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विचार 1993 मध्येच सुरू केला होता. पुणे जिल्ह्यातली सहा खेडी त्यांनी निवडली. पाऊस बेभरवशाचा, शेती कोरडवाहू. दिवस गेल्यावर बाईकडे जायचं, ही नेहमीची पद्धत त्यांनी सोडली आणि आधीपासून जायचं ठरवलं. मूल होण्याच्या वयातल्या विवाहित स्त्रियांची उंची, वजन, त्वचेखालच्या चरबीची जाडी मोजून ठेवली. क्षेत्रकार्यकर्त्या दर महिन्याला घरोघरी जाऊन पाळीची तारीख लिहून घेत, म्हणजे दिवस गेले की गर्भाचं वय नेमकं कळे. सासूसमोर, शेजारणींच्या कानावर जाणार नाही अशा बेताने, परक्या बाईला आपल्या पाळीची तारीख महिन्यामागून महिने सांगणं ही खेड्यातल्या सुनेच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती. या संशोधनाची सगळी इमारत त्या तारखांवर उभी आहे.

गरोदरपणाआधी या स्त्रियांचं वजन सरासरी 42 किलोंच्या आसपास होतं. त्यांची बाळं भरली सरासरी 2.7 किलोंची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली, तर ती 3.5 किलोंची. म्हणजे आपलं बाळ जन्मतःच 800 ग्रॅमनी मागे. पण ही तूट सगळीकडे सारखी नव्हती. दंड बारीक, पोटाचा घेर कमी, स्नायू कमी. पाठीवर खांद्याच्या हाडाखाली चिमटीत धरून मोजलेली चरबी मात्र जवळजवळ गोऱ्या बाळाइतकीच. वाढीच्या काटकसरीत शरीराने स्नायूंवर पाणी सोडलं होतं आणि चरबी राखली होती. 2003 मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि 'बारीक पण चरबीयुक्त' भारतीय बाळ जगभरच्या वैद्यकीय चर्चेत आलं. त्या बाळाने अजून जिलेबीचा तुकडाही तोंडात घातलेला नव्हता.

प्रौढपणाच्या आजाराचं मूळ गर्भात शोधायचा विचार याआधी इंग्लंडमध्ये झाला होता. हर्टफर्डशर परगण्यात 1911 पासून सुईणी प्रत्येक नवजात बाळाचं वजन आणि तेच बाळ वर्षाचं झाल्यावरचं वजन मोठ्या वह्यांमध्ये लिहून ठेवत. संशोधक डेव्हिड बार्कर यांनी त्या वह्या शोधल्या, त्यांतल्या साडेपाच हजारांहून अधिक मुलग्यांचं पुढे काय झालं ते पाहिलं आणि 1989 मध्ये मांडलं, की बाळपणी वजनाने कमी असलेले पुरुष हृदयविकाराने अधिक दगावले. बार्करांवर टीकाही झाली. जन्माचं वजन ही ढोबळ खूण आहे, गरिबी पाळण्यापासून तिरडीपर्यंत सोबत असते, तिचा वाटा वेगळा कसा काढणार, असे आक्षेप आले, आणि ते रास्तच होते. म्हणून तर पुण्याजवळच्या त्या खेड्यांचं मोल मोठं. तिथे जुन्या वह्या चाळायच्या नव्हत्या. मुलं डोळ्यांसमोर वाढत होती आणि सहाव्या, बाराव्या, अठराव्या वर्षी पुन्हा मोजली जात होती.

अठराव्या वर्षी जे दिसलं, ते जीवनशैली या शब्दावर विश्वास असणाऱ्या प्रत्येकाने वाचावं. या तरुणांपैकी 48 टक्के बीएमआयच्या मोजमापात कमी वजनाचे होते. तरीही 37 टक्के मुलगे आणि 18 टक्के मुली यांच्या रक्तातली साखर नेहमीच्या मर्यादेबाहेर गेली होती. वय 18, अंगावर मांस नाही, आणि साखर वाढलेली. यांना 'वजन कमी करा' असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

मग आयांच्या ताटात काय होतं, हे पाहणं आलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शोभा राव आणि सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब मांडला. एकूण उष्मांक किंवा प्रथिनं यांच्याशी बाळाच्या वजनाचा फारसा संबंध लागला नाही. लागला तो पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाण्यात येतं याच्याशी. मेथी, चवळई, शेपू, पेरू, एखादा पेला दूध, एवढ्या साध्या गोष्टी. आणि कष्टाशीही संबंध लागला. विहिरीवरून पाणी आणणं, शेतातली कामं जिला जास्त, तिचं बाळ लहान. रक्ततपासणीत आणखी एक गोष्ट पुढे आली : दर तीन आयांपैकी सुमारे दोघींमध्ये बी-12 जीवनसत्त्व कमी होतं. हे मिळतं दूध, अंडी, मांस, मासे यांतून. घरात दूध असलं तरी ते आधी डेअरीला जातं, मग पोरांना, मग चहाला. सुनेच्या वाट्याला त्या चहातलं येईल तेवढं. ज्या आयांमध्ये फोलेट जास्त आणि बी-12 कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक आढळली. हा संबंध आहे. यावरून कारण सिद्ध झालं असं म्हणण्याची घाई करू नये. परंतु आपण गरोदर बाईला लोह आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या देतो आणि बी-12चा विचारही करत नाही, याबद्दल अस्वस्थ व्हायला एवढा पुरावा पुरेसा आहे.

सवयींचा काहीच वाटा नाही, असं मी म्हणत नाही. तंबाखूचं उदाहरण घ्या. 2016-17च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी 26.6 टक्के लोक तंबाखूचं सेवन करणारे होते. ओढणारे जेमतेम 3.8 टक्के; बाकी सगळी चुना-तंबाखू, गुटखा, खर्रा आणि मिश्री. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू. ती बायकांची. पुष्कळ घरांत मुलगी ती आईच्या किंवा आजीच्या डबीतूनच पहिल्यांदा दातांना लावते. तिला कुणी 'व्यसन' म्हणत नाही, 'दात घासणं' म्हणतात. मुंबईत प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी 1217 गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला, तो 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. मिश्रीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनी हलकी होती. सवय आजीच्या डबीतली आणि तूट नातवंडाच्या वजनात. ती त्या बाळाची जीवनशैली कशी म्हणणार?

त्या शब्दाइतकाच माझा आक्षेप आपण माणसाला वयाच्या खणांत ज्या रीतीने ठेवतो, तिला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी स्त्रियांची मुलाखत घेते ती 15 ते 49 या वयात, म्हणजे मूल होऊ शकतं तेवढीच वर्षं. 2016 ते 2018 मध्ये झालेली पोषण पाहणी 19 वर्षांपर्यंतच्या मुलांची. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने सुरू केलेला वार्धक्याचा मोठा अभ्यास 45च्या पुढच्यांचा. प्रत्येक पाहणी आपापल्या जागी मोलाची आहे. 2019 ते 2021च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं कळलं, ते अशा पाहणीशिवाय कळलंच नसतं. पण एका खणातली बाई दुसऱ्या खणात गेली की तिची ओळख पुसली जाते. बारा वर्षांची रक्त कमी असलेली मुलगी, एकविसाव्या वर्षी अडीच किलोंचं बाळ झालेली आई आणि पन्नाशीत साखरेची गोळी घेणारी बाई ही एकच व्यक्ती आहे, हे त्या तक्त्यांना ठाऊक नसतं. ते कळायला एकाच माणसामागे तीस-तीस वर्षं जावं लागतं. आपल्याकडे संशोधनाला पैसे मिळतात ते तीन-पाच वर्षांचे.

योजनाही याच खणांत अडकल्या आहेत. मातृवंदना योजनेचे पैसे गरोदरपणाची नोंद झाल्यावर सुरू होतात. आदिवासी भागातली अमृत आहार योजना गरोदर आणि स्तनदा मातांसाठी. अंगणवाडीच्या दारात बाई येते तोवर दोन-तीन महिने उलटलेले असतात आणि गर्भाच्या अवयवांची मांडणी बरीचशी झालेली असते. मुंबईच्या वस्त्यांमध्ये एक मोठा प्रयोग झाला. पालेभाज्या, फळं आणि दूध घालून तिथेच तयार केलेला खाऊ स्त्रियांना दिवस जाण्याच्या आधीपासून रोज दिला गेला. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष नाट्यमय नव्हते. सगळ्या मिळून पाहिल्या तर बाळाच्या वजनातली वाढ किरकोळ, सुमारे 26 ग्रॅम, तीही योगायोगाची असू शकेल इतकी. पण दिवस जाण्याआधी निदान तीन महिने ज्यांना हा खाऊ मिळाला, त्यांच्या बाळांमध्ये ती 48 ग्रॅम दिसली आणि कमी वजनाची बाळंही कमी जन्मली. 48 ग्रॅम म्हणजे फार नव्हे, हे मान्य. एका पिढीची उपासमार तीन महिन्यांच्या खाऊने भरून निघेल, ही अपेक्षाच चूक. मी यातून घेतो ते वेळेबद्दलचं सांगणं : गरोदरपणात सुरू केलेलं पोषण उशिरा सुरू केलेलं असतं.

वेळेचं हेच भान ठेवून पुण्याच्या गटाने 2012 मध्येच पुढचं पाऊल टाकलं होतं ते सहा खेड्यांच्या त्या अभ्यासात जन्मलेल्या, आता वयात आलेल्या मुला-मुलींसोबत. त्यांचं लग्न होण्याआधी, मूल होण्याआधी त्यांना बी-12 द्यायला सुरुवात केली आणि मग त्यांच्या बाळांकडे पाहिलं. 1993 मध्ये ज्यांच्या पाळीच्या तारखा टिपल्या, त्यांच्या नातवंडांपर्यंत हा अभ्यास आता पोचला आहे.

तुमच्या घरात, शाळेत, अंगणवाडीत, ग्रामसभेत बारा-तेरा वर्षांच्या मुली असतील. आरोग्याचा विषय निघेल तेव्हा आधी त्यांच्याबद्दल विचारा. त्यांचं वजन किती, रक्त किती, आठवड्यातून किती वेळा दूध, अंडं, पालेभाजी ताटात येते, आणि घरात सगळ्यांत शेवटी जेवायला कोण बसतं. ती मुलगी गरोदर होईपर्यंत थांबू नका.