तलवारीच्या टोकाची अक्षरं

वारज्यात महामार्गाच्या पुलाजवळ शिवजयंतीचे फ्लेक्स लागतात तेव्हा त्यांवरची अक्षरं एकाच घराण्यातली वाटतात. मात्रेला तलवारीचं टोक, काना खाली भाल्यासारखा निमुळता, शिरोरेषेला मुद्दाम पाडलेले टवके, वर सोनेरी झळाळी. पुढे हीच अक्षरं स्थानिक दादांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरही येतात. बघणाऱ्याला ती शिवकालीन वाटतात. शिवकाळात मात्र कारभार चाले तो मोडीत.

मोडीत आधी कागदावर आडवी रेघ ओढायची आणि बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं गुंफत जायचं. सगळी गोलाई आणि घाई. पुण्याच्या पेशवे दप्तरातला एखादा रुमाल, म्हणजे कागदांचं कापडी गाठोडं, सोडून पाहावा. लढाईची बातमीसुद्धा त्याच वळणदार अक्षरात उतरलेली असते. शौर्य मजकुरात होतं, ते अक्षराला दाखवावं लागत नव्हतं.

मग ही टोकं कुठली? मला त्यांत ऐतिहासिक चित्रपटांची पोस्टरं दिसतात आणि त्यांच्यामागे युरोपातलं ब्लॅकलेटर हे जुनं टोकदार वळण. गुटेनबर्गने 1455च्या सुमारास बायबल छापलं ते याच वळणात. तिथलाही टोकदारपणा शौर्याचा नव्हे. छपाईआधीच्या हस्तलिखितांत रुंद टाकाने, महागड्या चामड्यावर जास्तीत जास्त मजकूर बसवायचा, म्हणून अक्षरं अरुंद, उभी आणि दाट झाली. जर्मनीत ते विसाव्या शतकापर्यंत रोजच्या वाचनाचं अक्षर होतं. नाझींनी आधी ते अस्सल जर्मन म्हणून मिरवलं आणि 3 जानेवारी 1941च्या, हिटलरचा निकटचा अधिकारी मार्टिन बोरमन याच्या परिपत्रकाने ‘ज्यूंचं’ ठरवून बंद केलं. तरी आज लोकांना ते नाझींचंच वाटतं! वाचनातून सुटलेलं हे अक्षर आता ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या नावात, पदवीच्या कागदावर, बिअरच्या बाटलीवर आणि दंडावरच्या टॅटूत रुबाब करतं. टॅटूत तर अख्खं नाव कॅपिटलमध्ये काढतात. ते धड वाचता येत नाही, पण तिथे वाचायचं असतं कुणाला?

देवनागरीला हा पोशाख नीट बसत नाही. आपला बोरू रोमन टाकाच्या उलट तिरका कापतात, त्यामुळे जाड रेघ वेगळ्याच दिशेला पडते. ब्लॅकलेटर उभ्या रेघांवर तोललेलं असतं, देवनागरी आडव्या रेघेला लटकते. म्हणून फ्लेक्सवरची टोकं अक्षरातून फुटत नाहीत, वरून चिकटवलेली दिसतात.

मोडीला ब्लॅकलेटरसारखा दुसरा जन्म फारसा मिळाला नाही. मिशनरी विल्यम केरीचा मराठी कोश 1810मध्ये मोडी टाइपात छापला गेला, पण पुढे छपाई बाळबोधीची, म्हणजे देवनागरीची, झाली आणि विसाव्या शतकात मोडी शाळेतूनही गेली. 2014पासून ती युनिकोडमध्ये आहे. त्यामुळे संगणकावर फ्लेक्स रचणाऱ्याला ती अगदीच परकी राहायचं कारण नाही. खरोखर शिवकालीन अक्षर हवं असेल तर एखाद्या मंडळाने ‘जय शिवराय’ मोडीत काढून पाहावं. खाली शुभेच्छुकांची नावं तेवढी बाळबोधीत ठेवावी लागतील. ती वाचली गेली नाहीत तर वर्गणी कोण देणार?