रावणाचा हेतू आणि सीतेची साक्ष

एखाद्या कथेला उत्तरभाग जोडला जातो तेव्हा सर्वाधिक फेरफार बहुधा खलपात्राच्या वाट्याला येतो. नायकाचे चरित्र पूर्वभागातच सिद्ध झालेले असते. त्याने काय केले आणि का केले याविषयी वाचकाला फारशी शंका उरलेली नसते. खलपात्राला मात्र पहिल्या भागात एखाददुसरे ढोबळ कारण पुरते. त्याला पुन्हा आणावयाचे, किंवा त्याच्या पराभवानंतरही त्याच्याविषयी बोलत राहावयाचे, म्हणजे त्याला भूतकाळ द्यावा लागतो, एखादा जुना अपमान द्यावा लागतो, कधीकधी एखादे उदात्त प्रयोजनही बहाल करावे लागते. व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या भागात पहिल्या भागातला जगबुडव्या शत्रू एकाएकी समजण्याजोगा होऊन बसतो, त्यामागे हीच निकड असते. मिल्टनचे उदाहरण उलट दिशेचे आहे. 'पॅराडाइज लॉस्ट'मधील (१६६७) सैतान दुखावलेल्या अभिमानाने आणि सूडाने पेटलेला आहे. 'पॅराडाइज रिगेन्ड'मधील (१६७१) सैतान थकलेला आहे, त्याला आशा उरलेली नाही, आणि समोरच्या या माणसाला देवाचा पुत्र नेमके कोणत्या अर्थाने म्हणतात हे जाणून घेण्याची चौकशी हाच त्याचा मोठा उद्योग झाला आहे. हेतू आखडला, सैतानही लहान झाला. पण ज्याला मोह घालावयाचा त्याच्या नकाराचे वजन मिल्टनने कोठेही कमी होऊ दिले नाही. खलपात्राच्या हेतूचा विचार करताना हा दुसरा माणूस, ज्याच्यावर त्या हेतूचा आघात होतो तो, दृष्टीआड होता कामा नये. रामकथेत तो वारंवार दृष्टीआड झालेला आहे.

वाल्मीकिरामायणाचे उत्तरकांड ही मूळ कथेला मागाहून पडलेली भर आहे, हे मत हेर्मान याकोबीपासून (१८९३) कामिल बुल्के यांच्या 'रामकथे'पर्यंत (१९५०) अनेकांनी पुराव्यानिशी मांडले आहे. ते स्वीकारले, तर उत्तरकांड हा शब्दशः उत्तरभाग ठरतो आणि त्यातील रावणाकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. आधीच्या कांडांत रावणाचे हेतू स्पष्ट आहेत आणि ते एकमेकांत मिसळलेले आहेत. जनस्थान हे त्याच्या राज्याचे ठाणे; खराबरोबर चौदा हजार राक्षस तेथे मारले गेले आहेत. शूर्पणखा विद्रूप होऊन दरबारात येते, आणि विशेष म्हणजे ती आधी रडत नाही. भोगात बुडालेल्या, हेर न ठेवणाऱ्या, स्वतःच्या सीमेवर काय घडते हे न जाणणाऱ्या राजाची ती झाडाझडती घेते. त्यानंतरच सीतेच्या रूपाचे वर्णन येते. म्हणजे राजकीय नामुष्की, बहिणीचा अपमान आणि कामवासना या तिन्ही गोष्टी एकाच संभाषणात रावणाच्या पुढ्यात ठेवल्या जातात, आणि मारीचाने जीव तोडून समजावले तरी तो आपला मार्ग निवडतो. येथे निवड आहे, म्हणून दोषही आहे.

उत्तरकांडात हाच रावण आपण होऊन काही सांगत नाही. त्याची कथा अगस्त्य सांगतात, आणि तीही अयोध्येच्या सभेत, राज्याभिषेक झालेल्या रामाला. कथेचे निमित्तही लक्षणीय आहे: ऋषी इंद्रजिताच्या वधाची एवढी वाखाणणी का करतात, तो बापापेक्षा थोर कसा, असे राम विचारतो. जेत्याच्या कुतूहलातून पराभूताचे चरित्र जन्माला येते. त्या चरित्रात सुमालीने कैकसीला विश्रव्याकडे पाठविणे, दारुण वेळी झालेली मागणी आणि म्हणून क्रूर संततीचे भाकीत, पुष्पकात बसलेल्या सावत्र भावाकडे, कुबेराकडे, बोट दाखवून आईने मुलाला दिलेली चिथावणी, गोकर्णीचे तप, ब्रह्मदेवाचा वर, हे सर्व क्रमाने येते. पुढे शापांची रांग लागते: नंदीचा, वेदवतीचा, अनरण्याचा, नलकूबराचा. प्रत्येक शाप पूर्वभागातील एखाद्या घटनेला मागाहून कारण पुरवितो. वानरांनी लंका का जाळली? नंदीला माकडतोंड्या म्हणून हसला म्हणून. सीता का जन्मली? वेदवतीने अग्निप्रवेश करताना तसे बजावले होते म्हणून. पूर्वभागात जो माणूस निवड करीत होता त्याच्याभोवती आता कारणांचे जाळे विणले जाते, आणि जाळे जितके घट्ट तितकी निवड पुसट.

याच ठिकाणी वेरूळचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. फुलंब्रीच्या पश्चिमेला, लगतच्या खुलताबाद तालुक्यात, राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, घडविल्या गेलेल्या कैलास लेण्यात मंदिराच्या दक्षिण अंगाला रावण कैलास उचलीत आहे. वीस हात पसरलेले, पाठ पर्वताला लावलेली. वर पार्वती शिवाला बिलगते, दासी पळ काढते, आणि शिव नुसते पाऊल टेकवून बसला आहे. उत्तरकांडातील हाच तो प्रसंग, ज्यात रावणाला 'रावण' हे नाव मिळते. पण शिल्पकाराने कैकसी दाखविली नाही, पुष्पक दाखविले नाही, शापही दाखविला नाही. हा पर्वत का उचलतो आहे, असे लेण्यात उभा राहणारा विचारीत नाही. त्याला जोर दिसतो आणि जोराची व्यर्थता दिसते. हेतूवाचून खलत्व दाखविता येते, एवढे तरी हा पाषाण सिद्ध करतो. कोलरिजने इआगोविषयी लिहिताना ज्या हेतुशून्य दुष्टाव्याकडे बोट दाखविले, तो शब्दांत पकडणे अवघड जाते, कारण भाषेला 'म्हणून' या शब्दाची सवय जडलेली असते.

हेतूंचा हा प्रवास सर्वांत स्वच्छ दिसतो तो रावणाच्या संयमात. सीता वर्षभर लंकेत असूनही रावणाने तिच्यावर बळजबरी केली नाही, याचे कारण काय? रामायणात या एकाच प्रश्नाची तीन उत्तरे आहेत. सुंदरकांडात रावण अशोकवनात येतो, परस्त्रीहरण हा राक्षसांचा धर्मच असे बिनदिक्कत सांगतो, आणि तरीही तुझी इच्छा नसताना तुला स्पर्श करणार नाही असेही म्हणतो. सीता मध्ये गवताची काडी धरून उत्तर देते. या प्रसंगात दोन माणसे आहेत: एकाला दुसऱ्याची संमती हवी आहे आणि दुसरे ती देत नाही. रावणाचा संयम येथे त्याच्या अहंकाराचाच भाग आहे. त्याला जिंकावयाचे आहे, लुटावयाचे नाही. म्हणूनच सीतेचा नकार त्याला लागतो.

युद्धकांडाच्या प्रचलित पाठात दुसरे उत्तर येते. महापार्श्व बळजबरीचा सल्ला देतो, तेव्हा रावण एक गुपित उघड करतो: पुंजिकस्थला या अप्सरेवर आपण अत्याचार केला होता आणि पुन्हा असे केल्यास मस्तकाची शकले होतील असा ब्रह्मदेवाचा शाप आहे. संयमाचे आता भयात रूपांतर झाले. तरीही हे रावण स्वतः सांगतो आहे. ही एक प्रकारची कबुली आहे, आणि कबुली देणारा अद्याप कर्ता असतो. तिसरे उत्तर उत्तरकांडाचे. रंभेवर बलात्कार केल्यावर नलकूबराने तोच शाप दिला, असे अगस्त्य सांगतात. रावणाचा आवाज आता गेला. अशोकवनात जो इच्छा आणि नकार यांचा सामना होता, तो एका यंत्रणेचे फलित ठरला: रावण हात लावूच शकत नव्हता. रावणाचा संयम तर गेलाच. पण त्याबरोबर सीतेचा नकारही अनावश्यक झाला. तिने काडी धरली काय आणि न धरली काय, निकाल आधीच लागलेला होता.

मराठी परंपरेकडे वळले की प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. वाल्मीकीकडे सीतास्वयंवरात रावण नाही. श्रीधराच्या 'रामविजया'सारख्या (१७०३) मराठी ग्रंथांत तो तेथे येतो, धनुष्याखाली चिरडतो, आणि पुढच्या अपहरणाला नाकारलेल्या वराच्या सलाची किनार मिळते. पण अधिक महत्त्वाचा आहे तो पैठणच्या एकनाथांचा (१५३३–१५९९) रावण. 'भावार्थरामायणा'त रावण देवांना बंदीत टाकणारा जुलमी आहे आणि रामाचा अवतार त्या बंदिमोचनासाठी आहे; त्याच वेळी रूपकार्थाने रावण म्हणजे देहाचा अहंकार आणि राम म्हणजे आत्माराम. या दोन्ही पातळ्यांवर नाथांना रावणाच्या खाजगी चरित्राची फारशी गरज नाही. जुलमाला कारण विचारावयाचे नसते, त्याचा बंदोबस्त करावयाचा असतो. आणि अहंकाराला आई नसते. परंतु युद्धकांडाचा चव्वेचाळिसावा अध्याय झाला आणि नाथांनी देह ठेवला. उरलेला भाग, उत्तरकांडासह, त्यांच्या गावबा या शिष्याने पुरा केला. मराठवाड्यातील गावोगावच्या पारायणांत ग्रंथ सलग वाचला जातो आणि कर्ता बदलल्याचे श्रोत्याला सहसा कोणी सांगावे लागते. गावबाने निष्ठेने गुरूचे काम तडीस नेले यात शंका नाही, आणि पूर्ततेचे असे काम जगातल्या कोणत्याही वाङ्मयात अवघडच. मात्र उत्तरकांड हाती घेणे म्हणजे कैकसीच्या मुलाची गोष्ट हाती घेणे. जो अहंकार म्हणून सुरू झाला त्याला शेवटी कुळ, सावत्र भाऊ आणि शाप मिळतात. हा सांधा भाषेत दिसत नाही, हेतूत दिसतो.

हेतूचे शेवटचे टोक म्हणजे विरोधभक्ती. अध्यात्मरामायणात शूर्पणखेचे बोलणे ऐकून रावण मनाशी विचार करतो की राम हा मनुष्य नव्हे, भक्तीने तो लौकर प्रसन्न व्हावयाचा नाही, तेव्हा वैर करून त्याच्या हातून मरावे आणि वैकुंठ गाठावे. मराठी कीर्तनकारांना हा रावण फार प्रिय आहे, आणि त्यात एक उदारता आहे हे नाकारता येणार नाही. शत्रूलाही मोक्षाच्या बाहेर ठेवावयाचे नाही, ही भक्तिपरंपरेची मोठी झेप आहे. परंतु त्याच ग्रंथात, अपहरणापूर्वी, राम सीतेला अग्नीत राहावयास सांगतो आणि आश्रमात तिची छाया ठेवतो. या दोन गोष्टी एकत्र येतात हा योगायोग समजणे कठीण आहे. अपहरणकर्त्याचा हेतू मोक्ष ठरला की अपहृत स्त्री साधन होते. आणि साधनाला खरोखरीचे दुःख होत असेल तर सारी योजना क्रूर ठरते. म्हणून तेथे खरी सीता असून चालत नाही. खलपात्राचा हेतू जितका उजळला, तितकी सीता विरळ होत गेली, इतकी की शेवटी सावली उरली.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. खलपात्रे जेत्यांनी ठरविली आहेत. त्यांना हेतू देणे हे न्यायाचेच काम आहे, असे सत्यशोधक आणि आंबेडकरी विचारपरंपरेने शिकविले. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) बळीला पुराणांच्या हातून सोडवून घेतले. पेरियार यांनी रावणाची बाजू मांडली. हा आक्षेप टाळून पुढे जाता येत नाही. पण या परंपरेने दिलेले हेतू आणि उत्तरकांडाने दिलेले हेतू यांत जातीचाच फरक आहे. बहिणीचा अपमान, उद्ध्वस्त झालेले ठाणे, परक्यांचे आक्रमण, ही कारणे रावण स्वतःच्या तोंडाने सांगू शकेल. त्यांवर वाद करता येतो, ती पुरेशी आहेत की नाहीत हे विचारता येते. अशा कारणांनी रावण पुन्हा उत्तरदायी होतो. शाप, कुवेळी झालेला जन्म आणि गुप्त मोक्षेच्छा ही कारणे वरून दिलेली आहेत. त्यांच्याशी वाद घालता येत नाही. आणि हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे की महाराष्ट्र शासनाने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या 'रिडल्स इन हिंदुइझम'मध्ये डॉ. आंबेडकरांनी रामकथेची चिकित्सा केली तेव्हा सीतेला मिळालेली वागणूक त्या चिकित्सेच्या केंद्राजवळ ठेवली. बहुजनवादी पुनर्वाचनात जेथे जेथे रावण केवळ सन्माननीय होतो आणि सीता पुन्हा निमित्तमात्र राहते, तेथे ते वाचन नकळत अध्यात्मरामायणाच्याच वाटेने गेलेले असते.

उत्तरकांडाची रचना या दृष्टीने एकदा सलग पाहावी. अगस्त्यांचे कथन संपते, ऋषी आणि पाहुणे राजे निरोप घेतात, आणि थोड्याच सर्गांनंतर भद्र नावाचा विश्वासू रामाला नगरातली बोली सांगतो: रावणाने जिला मांडीवर उचलून नेले, जी राक्षसांच्या ताब्यात राहिली, तिला राजाने घरात कशी ठेवली? रस्त्यावर अजून पहिल्या भागातला रावण वावरतो आहे, कामातुर, बळजोर. सभेतला शापग्रस्त रावण तेथे पोहोचलेलाच नाही. राम भावांना बोलावतो. सीता शुद्ध आहे हे आपले अंतःकरण जाणते असे तो म्हणतो, लंकेतील अग्नीची आणि देवांची साक्षही काढतो, आणि तरी लोकापवादाच्या भयाने तिला गंगेपलीकडे सोडून येण्याची आज्ञा लक्ष्मणाला देतो.

या सबंध प्रसंगात नलकूबराच्या शापाचा उल्लेख नाही. रावण अनिच्छुक स्त्रीला स्पर्श करू शकत नव्हता, हे याच सभेत, याच रामासमोर, याच कांडात सविस्तर सांगून झाले आहे. सीतेच्या बाजूने देता येईल असा तो पुरावा होता. तो कोणी मांडत नाही. भद्र नाही, भाऊ नाहीत, राम नाही. शापाने रावणाच्या वर्तनाचा उलगडा केला आणि तेवढ्यावर त्याचे काम संपले. सीतेला हा शाप माहीत होता की नाही, हेही उत्तरकांड सांगत नाही. अगस्त्य बोलत होते त्या सभेत तिच्यासाठी कोणीही एखादे वाक्य ठेवलेले नाही.